थोरल्या काकांच्या बाहीवरचा डाग

आदरणीय सुभेदारसाहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलो की आपण 'बस की रे' म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमक्ष लिहीत आहे.

माझे थोरले काका 1965 च्या युद्धानंतर बेळगावात भरती झाले, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात शिकले आणि 1971 च्या डिसेंबरात त्यांच्या मृत्यूची तार आली, एवढेच आमच्या घराला ठाऊक होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र 1922 पासून बेळगावात असल्यामुळे आमच्या खानापूर भागात घराघरांत कोणी ना कोणी पायदळाच्या पलटणीत गेलेला, आणि पलटणवाल्यांच्या लेखी तोफखान्यातला जवान म्हणजे मागे सुरक्षित राहणारा. 'तोफा मागं असत्यात, मग माझाच पोरगा कसा गेला?' हा प्रश्न आजीने मरेपर्यंत सोडला नाही. गावात कोणी अपघात म्हणे, कोणी आणखी काही. ते तिच्याही कानावर जात असे.

गेल्या कार्तिकात आपण आलात, भिंतीवरचा फोटो उतरवून अंगणातल्या उन्हात धरलात आणि खिशातून भिंग काढलेत. उजव्या बाहीवरच्या ज्या पांढुरक्या ठिपक्याला आम्ही पन्नास वर्षे बुरशीचा डाग समजत होतो, तो बिल्ला निघाला: मधोमध उघडलेले पॅराशूट आणि दोन्ही बाजूंना पंख. काका आग्र्याला विमानातून उडी घ्यायला शिकले होते, हे आम्हाला त्या क्षणी कळले. पेटीतल्या कागदावरची इंग्रजी आद्याक्षरे आपण 17 पॅरा फील्ड रेजिमेंट, म्हणजे छत्रीने उतरणाऱ्या तोफखान्याची रेजिमेंट, अशी सोडवून दाखवलीत.

मग आपण वाळत घातलेल्या भातातच बोटाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला, रस्ता ओढलात. वर मयमनसिंग आणि जमालपूर, खाली ढाका, मधे टांगाइल, आणि पुंगलीच्या पुलाच्या जागी एक चिंचोका. उत्तरेकडून माघार घेणाऱ्या पाकिस्तानी 93 ब्रिगेडची ढाक्याची वाट तोडण्यासाठी 11 डिसेंबर 1971 रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची 2 पॅरा ही छत्रीधारी पलटण तेथे उतरली, आणि तिच्याबरोबर काकांच्या रेजिमेंटची एक बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडीही उतरली. (2 पॅरा मूळची 3 मराठा, हे सांगताना आपला आवाज जरा चढला होता.) छत्रीने टाकलेली तोफ जिथे पडेल तिथे जाऊन ती शोधायची, बांधलेले दोर सोडून जोडायची, जीप हाती लागेपर्यंत माणसांनी ओढायची, आणि हे सगळे शत्रूच्या मुलखात, चारी बाजूंनी गोळी येऊ शकते अशा ठिकाणी. 'त्यांना मागं असं काही नव्हतंच,' असे आपण म्हणालात, तेव्हा आत्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. आजीच्या प्रश्नाला मिळालेले पहिले सरळ उत्तर तेच होते. ते ऐकायला ती राहिली नाही, ही रुखरुख मात्र आहे.

आपण स्वतः जंगी पलटणीतून, म्हणजे 1 मराठाबरोबर, जमालपूरकडून चालत येऊन दुसऱ्या दिवशी त्या छत्रीवाल्यांना भेटलेले. आत्याने फार आशेने विचारले, 'तुम्ही आमच्या दादाला बघितलासा का?' हो म्हणणे किती सोपे होते. आपण थोडा वेळ गप्प राहून म्हणालात, 'नाही ताई, अंधार होता, सगळे सारखेच दिसत होते.' आपल्या सांगण्यातल्या बाकी प्रत्येक शब्दावर आमचा विश्वास बसला तो या एका नकारामुळे, आणि माझे सर्वांत मोठे आभार त्याचेच आहेत.

कागदपत्रांसाठी आपण केलेल्या खेपांविषयी थोडक्यातच लिहितो. कन्नड उताऱ्यावर काकांचे आडनाव एक, लष्करी नोंदीत गावावरून पडलेले दुसरे, आणि एका कार्यालयाने या दोन व्यक्ती वेगळ्या ठरवून अर्ज दोनदा परत केलेला. आपण वयाच्या ऐंशीकडे झुकलेले असताना एस.टी.ने तीनदा आलात आणि भाड्याचे पैसेही घेतले नाहीत.

फोटो पुन्हा भिंतीवर लागला आहे. काच पुसताना आत्या पूर्वी त्या ठिपक्यावर फडके जोराने घासत असे. आता तेथे तिचा हात हलका होतो. यंदाचा नवा तांदूळ तिने आपल्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे. तो न्यायला आपण यावे, आणि वेळ काढून यावे. माझी मुलगी त्या दिवशी शाळेत होती, त्यामुळे पुंगलीचा पूल पुन्हा एकदा मांडावा लागेल. चिंचोका तिने जपून ठेवला आहे.

आपला कृतज्ञ,
थोरल्या काकांचा पुतण्या