घोड्याच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या तुम्हा दोघांना

रविवारी सकाळी माझ्या मुलीच्या घोड्याला बिलगून चालणाऱ्या तुम्हा दोघांचे आणि लगाम धरून पुढे चालणाऱ्या मोतद्दारकाकांचे मनापासून आभार. तुमची नावं विचारायची राहूनच गेली.

तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. मांड्यांचे स्नायू इतके ताठ, की कपडे बदलतानाही पाय सुटे करणं अवघड. त्यावर उपचार म्हणून ही घोडेस्वारी. घोडा संथ चालला की त्याची पाठ पुढेमागे, डावी-उजवीकडे, थोडी वर-खाली हलते. स्वाराच्या कमरेला जवळजवळ माणसाच्या चालण्याचीच लय मिळते. कधीच न चाललेल्या माझ्या लेकीला ती लय तिथे पहिल्यांदा कळली. त्यात घोड्याच्या अंगाची ऊब. उतरल्यावर तिचे पाय काही वेळ चक्क सैल असायचे!

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्यांखाली लुळे पडले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून नेमक्या, डौलदार हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक जिंकलं. घोड्यावर चढा-उतरायला मात्र मदत लागे. त्यांना चढवणारे ते हात मला तुमच्यामुळे दिसले.

पावसात मैदानाचा चिखल झाला, तरी तुम्ही आलात. तिच्या गुडघ्यावरचा आधाराचा हात तुम्ही कधी काढून घेतलात, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.