कॅटलॉगच्या कार्डामागची यादी

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात सीताबर्डीच्या वाचनालयात आपण मला एक कार्ड दिले होते. जुन्या कॅटलॉगच्या लाकडी खणातले ते कार्ड होते. खालच्या कडेला सळई ओवायचे भोक, पुढच्या बाजूला कोण्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाचा टंकलिखित क्रमांक आणि कोऱ्या पाठीवर आपल्या बारीक, उभट अक्षरात चार नावे. त्याबद्दल आभार मानायला मी आले, तेव्हा आपण निवृत्त झाल्याचे कळले. आपला पत्ता मागणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून हे पत्र असे उघड लिहीत आहे.

मी आपल्याकडे मागितले होते ते अगदी मोघम होते : स्थलांतर आणि सीमेवरचे जगणे यांवर एका मैत्रिणीला देण्याजोगी पुस्तके. आपण खण न उघडता आधी विचारलेत, “मैत्रीण कुठली?” मी म्हटले, “जरीपटक्याची.” नागपुरातल्या त्या सिंधी वस्तीचे नाव ऐकताच आपण चष्मा काढून ठेवलात आणि पुढची वीस मिनिटे पुस्तकांविषयी एक शब्दही न बोलता केवळ तिच्याविषयी विचारत राहिलात. खरे सांगायचे तर त्या वेळी मला थोडा कंटाळा आला होता. माझी बस जात होती.

आपल्याला सांगायचे संकोचाने टाळले होते, ते आता सांगते. त्याआधी मी माझ्याच अकलेने तिला भीष्म साहनींची फाळणीवरची कादंबरी ‘तमस’ नेऊन दिली होती आणि चौथ्या दिवशी ती परत आली होती. कादंबरीबद्दल तिची तक्रार नव्हती. “हे पंजाबचं आहे गं,” ती म्हणाली, “आमचे बाबा तर बोटीने आले.” तिचे वडील नऊ वर्षांचे असताना, 1948 च्या जानेवारीत कराचीत दंगल उसळल्यानंतर, घरच्यांबरोबर जहाजाने मुंबईला उतरले आणि तिथून नागपूरला आले. ते गेल्या वर्षी वारले, तेव्हा त्यांच्या पेटीत क्लेमचे कागद निघाले. मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळावी म्हणून 1950 च्या कायद्याखाली निर्वासितांनी जे दावे केले, त्यांना त्या वस्तीत आजही क्लेमच म्हणतात. कागदांना आजोबांच्या हातची एक यादी जोडलेली होती. ती अरबी वळणाच्या सिंधी लिपीत असल्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला तिच्यातले एक अक्षरही लागत नव्हते.

आपण हे सारे ऐकून घेतलेत आणि मग जे बोललात, ते मी घरी जाऊन वहीत उतरवून ठेवले. पंजाब आणि बंगाल चिरले गेले, सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पलीकडे गेला. फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफ यांचा निवाडा 17 ऑगस्ट 1947 रोजी जाहीर झाला, पण त्यात सिंधसाठी रेघ ओढावीच लागली नाही, कारण जोधपूर आणि कच्छ यांच्याशी असलेली जुनी प्रांतहद्दच देशाची सीमा झाली. त्यामुळे आपल्या प्रांताचा निदान अर्धा तुकडा तरी इकडे आहे, हे समाधान सिंधी माणसाला मिळाले नाही, आणि फाळणीच्या पुस्तकांच्या ढिगातही त्याला स्वतःला शोधावेच लागते. ‘तमस’ परत का आली, याचे उत्तर मी न विचारताच मला मिळाले.

म्हणूनच आपल्या यादीचा क्रम मला पुस्तकांइतकाच मोलाचा वाटतो. सर्वांत वर नंदिता भावनानी यांचे सिंधी हिंदूंच्या निर्वासनावरचे 2014 सालचे इंग्रजी पुस्तक होते, आणि त्याच्यापुढे आपण कंसात लिहिले होते : “सलग वाचू नये.” तिने ते खरोखरच सलग वाचले नाही, आधी कराचीच्या बंदराविषयी जिथे जिथे लिहिले आहे ती पाने काढून वाचली. दुसरी मंटोंची ‘टोबा टेकसिंह’ ही फाळणीवरची कथा. ती देवनागरीत छापलेल्या मूळ उर्दूतच वाचावी, असा आपला आग्रह होता. तिसरे उर्वशी बुटालियांचे फाळणीवरचे 1998 चे पुस्तक. त्यात लेखिका लाहोरला मागे राहिलेल्या आपल्या मामाला शोधत जाते. ते वाचताना माझ्या मैत्रिणीने मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा ती पुस्तकाविषयी न बोलता स्वतःच्या आजोळाविषयीच बोलत राहिली.

चौथे नाव मात्र मला चुकल्यासारखे वाटले होते. व्हॅलेरिया लुइसेली या मेक्सिकन लेखिकेचे जेमतेम सव्वाशे पानांचे पुस्तक, आणि तेही अमेरिकेच्या सीमेवरचे! मध्य अमेरिकेतून एकट्याने आलेल्या मुलांना न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन न्यायालयात चाळीस प्रश्न विचारले जात. लेखिका तिथे दुभाषी होती आणि पुस्तकाची बांधणी त्या चाळीस प्रश्नांवरच आहे. पहिला प्रश्न साधाच आहे : तू अमेरिकेत का आलास? आपण एवढेच म्हणाला होतात, “हे क्लेमच्या कागदाशेजारी ठेवून वाचायला सांगा.” मैत्रिणीने तसेच केले. एका बाजूला खोल्या किती, विहीर होती का, पुरावा काय. दुसऱ्या बाजूला सीमा कोणाबरोबर ओलांडलीस, वाटेत काय झाले. तिची मुलगी टेक्सासमध्ये ग्रीन कार्डच्या रांगेत आहे आणि त्या रांगेत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त जागा येत नाहीत. त्या मुलांच्या हालांशी तिच्या वाट पाहण्याची तुलना करणे मला योग्य वाटत नाही, आणि तसे मी मैत्रिणीला स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, “तुलना नाही करत गं. पण फॉर्म कोणी भरायचा आणि वाचणार कोण, एवढं तर सगळीकडे सारखंच ना!”

आपण निघताना सहज म्हणालात, की हिवाळ्यात आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो, त्या तिबेटी लोकांची वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे, आणि सीमेविषयी वाचायला नागपूरकराने फार लांब जाण्याची गरज नाही. वीस-पंचवीस वर्षे त्या दुकानांत घासाघीस केली, पण “तुम्ही कुठले?” हे मी कधी विचारले नव्हते. या हिवाळ्यात विचारले. उत्तर मोठे होते, ते पुन्हा कधीतरी.

आजोबांची यादी अखेर जरीपटक्यातल्याच एका वृद्ध गृहस्थांनी वाचून दिली. पाच खोल्या, एक विहीर, लाकडी झोपाळा आणि त्याच्या पितळी कड्या. झोपाळ्यावर आजोबांनी नंतर स्वतःच रेघ मारलेली दिसते, बहुधा त्याची भरपाई मागता येत नसावी.

आता मैत्रिणीला ती लिपी शिकायची आहे. आपल्या माहितीत मुळाक्षरांपासून सुरुवात करणारे एखादे पुस्तक असल्यास वाचनालयात निरोप ठेवावा, ही विनंती. कार्ड परत करायला हवे, याची मला जाणीव आहे, परंतु ते ती देत नाही.

आपली कृतज्ञ,
एक वाचक, नागपूर