वीज आली, काळजी नसावी

पीटरबरो, न्यू हॅम्पशायर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

दोन दिवस माझा फोन लागला नाही म्हणून आई जेवली नाही, असं धाकटीने कळवलं. आई, अगं, फक्त वीज गेली होती. बर्फाच्या भाराने फांद्या तारांवर पडल्या. मी उपाशी नव्हते, गारठले नव्हते आणि एकटी तर मुळीच नव्हते. दोन्ही दिवस गावच्या वाचनालयात होते, मेसेजही तिथूनच केला. आधी करायला हवा होता, हे खरं.

अर्धं गाव तिथे लोटलं होतं. कुणी फोन चार्ज करतंय, कुणाची पोरं गालिच्यावर लोळतायत. आमच्या गल्लीतल्या आजोबांनी ओले हातमोजे हीटरवर वाळत घातले आणि ते पेपर वाचत बसले. मला पाहून सरकून जागा दिली.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही म्हणून नीट सांगते. इथे अनामत नाही, वर्गणी नाही. भाडेकराराचा कागद दाखवला आणि पाच मिनिटांत कार्ड हातात. मी तीनदा विचारलं, पैसे किती? ग्रंथपालबाई म्हणाल्या, तुम्ही ते भरलेतच. म्हणजे असं, की या राज्यात पगारावर राज्याचा कर नाही, विक्रीकरही नाही. गाव चालतं मुख्यतः घरपट्टीवर. मी भाडेकरू, पण मालक घरपट्टी माझ्या भाड्यातूनच भरणार ना? गावचा खर्च गावकरीच दरवर्षी मत देऊन मंजूर करतात, त्यातच वाचनालय आलं. वाचनालयाची ही पद्धत 1833ची. ॲबिएल ॲबट नावाच्या पाद्र्यांनी सुचवलं आणि गावाने राज्याकडून आलेल्या निधीतला वाटा पुस्तकांसाठी काढला. करातून चालणारं, सर्वांना मोफत असं अमेरिकेतलं हे पहिलं वाचनालय मानतात. मी बाईंना म्हटलं, आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, तुमच्याहून पाच वर्षांनी थोरलं! त्यांनी लगेच नकाशा पुढे केला. मी रत्नागिरीवर बोट ठेवलं आणि मला पुढे बोलवेना.

मांगराची कौलं आणि बाबांचं ऑपरेशन, दोन्हींसाठी मिळून दीड लाख पाठवलेत. कौलांचं काम पावसाआधी उरकून घ्या, पैशासाठी अडवून ठेवू नका. चिपळूणच्या स्थळाचा फोटो पाहिला. मी नाही म्हणत नाही आई, पण मे महिन्यात येईन तेव्हा भेटूनच ठरवू; तोवर कुणाला शब्द देऊ नकोस.

मोतीबिंदूच्या वेळी मी तिथे नसणार. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती. मी मागितली नाही. बाबा, डोळ्याची पट्टी निघेपर्यंत पुस्तक बदलायला एकटे जाऊ नका, धाकटीला पाठवा. रात्री तिच्याकडून दोन पानं वाचून घ्या, मीही फोनवर ऐकेन.

तुमची,
थोरली