नदी सापडत नाही

नागपूर,
तान्हा पोळा, रात्र

प्रिय बंड्या,

अण्णांच्या तेराव्याला येऊन गेलो त्याला पावणेदोन वर्षं झाली. त्यानंतर एक फोन नाही माझा. तेव्हाही आपण बोललो काय, तर पाणी आलं का, पत्रावळी पुरतील का. स्टेशनवरची ती रात्र मधे बसून होती आपल्या दोघांच्या. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो आणि जितके दिवस गेले तितकी लाज वाढत गेली. माफ कर.

आज लिहायला बसलो कारण आपल्या बाडात, त्या पुस्तकांच्या याद्यांच्या प्रोग्राममध्ये, एक भानगड निघाली आहे. ती सांगावी तर तुलाच. हिला सांगितली. तिनं भाजी निवडत शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "हे बंड्याभाऊजींना कळवा." तर कळवून राहिलो.

प्रकृती बरी. साखर ताब्यात आहे. आईचा गुडघा तसाच.

आपले वाचनालयाचे काका. त्यांचा जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात गेला. भाच्यानं त्यांना एक रास्पबेरी पाय, तो चिमुकला कॉम्प्युटर, आणून दिला. काका त्याला नुसतं 'पाय' म्हणतात. "पाय फार गरम झाला हो" असा त्यांचा फोन आला तेव्हा हिनं त्यांना आधी डॉक्टरकडे जायला सांगितलं. असो. त्या पायावर बाड चढवायचं होतं. मला वाटलं, मेक मारायचं की झालं. पण त्यावर नवं डेबियन लिनक्स, त्यात जीसीसी १४ हा कंपाइलर, आणि आपला कोड कंपाइलच होईना. एररचा नुसता पाऊस. सगळ्यात पहिली कुठली असेल सांग? तुझ्या शोधाच्या फाइलमधलं ते स्ट्रकेसस्ट्र, मजकुरात शब्द शोधणारं फंक्शन! जीएनयू-सोर्स डिफाइन केल्याशिवाय ते हेडरमध्ये दिसतच नाही. मग कंपाइलर आपल्या मनानं धरून चालायचा की हे इंट, म्हणजे बत्तीस बिटांचा आकडा, परत देतं, आणि चौसष्ट बिटांचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, अर्धा कापला जायचा. आपण तो फक्त 'आहे की नाही' एवढं पाहायला वापरत होतो म्हणून इतकी वर्षं निभावलं. पूर्वी ही वॉर्निंग होती. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर आहे. वॉर्निंग म्हणजे मामाचा सल्ला, मान डोलवायची आणि पुढे जायचं, हे तुझं वाक्य. वॉर्निंगला एररच समजायचं म्हणून मी मेकफाइलमध्ये ओळ टाकायचो आणि तू रात्री ती काढून टाकायचास. सात वेळा काढलीस, मी मोजलं आहे. ती ओळ आता परत आली आहे आणि या वेळी राहणार आहे.

तेवढं नीट केलं. जीसीसी १० आलं तेव्हा हेडरमधल्या ग्लोबलवरून लिंकर भांडला होता, तेव्हाच मी एक्सटर्न लावून ठेवलं होतं, म्हणून या वेळी बाकी फार निघालं नाही. स्वच्छ बिल्ड झाला. जुन्या डिस्कवरची फाइल पायावर ठेवली, यादी उघडली, सगळी पुस्तकं दिसली. काकांनी चहा पाजला, मी एसटी पकडली.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन. "नदी सापडत नाही."

मला आधी कळेचना. मग ते म्हणाले, यादी उघडली की नद्यांवरची पुस्तकं दिसतात, पण विषयात 'नदी' लिहून शोधलं तर नाही म्हणते. 'पाऊस' लिहिलं की येते. इंग्रजी तर सगळंच येते. मी म्हटलं, कीबोर्डचा घोळ असेल, वेलांटी ऱ्हस्व पडत असेल. ते चिडले. तीस वर्षं विषयवार कार्डं लिहिलेला माणूस तो, त्याला मी वेलांटी शिकवत होतो. शेवटी दुसऱ्या दिवशी गेलो.

काकांनी वहीचं पान तयार ठेवलं होतं. मधोमध पट्टीनं रेघ. डावीकडे 'सापडले', उजवीकडे 'न सापडले', लाल शाईत. डावीकडे आई, ऊन, पाऊस, पोळा, संत्रा, नागपूर. उजवीकडे नदी, झाड, कमळ, डोंगर, मारबत. त्यांचं म्हणणं जोडाक्षरांचा घोळ. पण संत्रा तर डावीकडे होता! ते पान मागून घेतलं आणि एसटीत मांडीवर ठेवून बघत बसलो. बुटीबोरी गेलं तरी काही सुचेना. मग सहज अक्षरं मोजायला लागलो, कॉम्प्युटर मोजतो तशी, काना-मात्रा-अनुस्वार सगळं वेगळं धरून. आई दोन. पाऊस चार. संत्रा सहा. नदी तीन. डोंगर पाच. मारबत पाच.

सम ते सापडतात, विषम ते हरवतात. बंड्या, अंगावर काटा आला रे. कंडक्टरला सांगावंसं वाटलं.

रात्री घरी येऊन तुझं हॅशचं फंक्शन उघडलं, शब्दावरून टेबलातलं घर ठरवणारं. पाच ओळी. तेहतीसनं गुणायचं, पुढचा बाइट मिळवायचा. बाइट घेतोस कशातून, तर साध्या चारमधून, सी भाषेतल्या एका बाइटाच्या टाइपमधून. (ज्या 'चार' टाइपवरून तू सरांना विचारलं होतंस, "मग पाच कुठं गेला?" तोच.) सी भाषा सांगतच नाही की नुसता चार साइन्ड (उणे आकडेही धरणारा) की अनसाइन्ड (फक्त शून्यापासून पुढचे धरणारा), ते ज्यानं-त्यानं ठरवायचं. इंटेलच्या चिपवर साइन्ड. एआरएम चिपच्या लिनक्सवर, म्हणजे पायावर, अनसाइन्ड, कारण जुन्या एआरएमकडे चिन्हासकट एक बाइट उचलायची आज्ञाच नव्हती, ती आर्किटेक्चरच्या चौथ्या आवृत्तीत आली. दोन्हीकडे 'क'चा पहिला बाइट छापून पाहिला. माझ्या लॅपटॉपवर उणे ३२. पायावर २२४. दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहत राहिलो.

इंग्रजीचे सगळे बाइट १२८ च्या आत, त्यांना चिन्हाची बाधाच नाही. देवनागरीचं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं आणि तिन्ही १२८ किंवा त्याहून वर. म्हणजे प्रत्येक बाइटमागे २५६ चा फरक. बकेट, म्हणजे टेबलातली घरं, २५६ असेपर्यंत तो फरक पुसला जातो, दोन्हीकडे तेच घर येतं. काकांचे विषय चारशेच्या वर गेले, टेबल ५१२ चं झालं, आणि विषम अक्षरांचे शब्द बरोबर २५६ घरं पलीकडे शोधले जायला लागले. नदी तिच्या घरीच होती, आपण दुसऱ्याच दारात हाका मारत होतो. टेबल पायावरच आणखी दुप्पट झालं असतं तर वाढताना सगळं नव्यानं मांडलं जाऊन दुखणं लपून गेलं असतं. ते जास्त वाईट झालं असतं.

आपल्या लंबूला फोन केला तर तो ठामपणे म्हणतो, बाड एआरएमवर चालतं, मी मॅकवर रोज वापरतो. खोटं नाही बोलत तो. ॲपलनं त्यांच्या एआरएमवर चार साइन्ड ठेवला आहे. तीच फाइल त्याच्याकडे उघडली तर नदी लगेच सापडली. चिप एकाच घराण्याची, पण वळण वेगळं.

आता जे मनाला लागलं ते लिहितो. आपल्या चाचण्या आठव. दोनशे शब्द, ॲपलपासून झेब्र्यापर्यंत. बाड आपण केलं कशासाठी? मराठी पुस्तकांच्या याद्यांसाठी. तू धंतोलीतल्या तुझ्या खोलीत, मी कूलरच्या पाण्याच्या बादल्या ओतत, शेचाळीस डिग्रीत. आणि दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की चाचणीत एक मराठी शब्द घालावा. तुला दोष देत नाही. ते दोनशे शब्द मी टाइप केले होते.

चूक दुरुस्त करणं एका शब्दाचं काम आहे. चारच्या आधी साइन्ड लिही किंवा अनसाइन्ड लिही, संपलं. कुठला लिहू, इथे अडकलो आहे. बहुतेक लोकांच्या फायली इंटेलवर जन्मल्या, म्हणून साइन्ड धरावा तर ज्यांनी पहिल्यापासून पायावर फाइल केली त्यांची आज चालणारी यादी उद्या मोडेल. अनसाइन्ड धरावा तर उरलेल्या सगळ्यांची मोडेल. आणि बाड कोणी-कोणी उतरवून घेतलं याचा पत्ता ना तुला ना मला. काकांसाठी तात्पुरतं त्यांच्याकडे एफ-साइन्ड-चार हा पर्याय देऊन कंपाइल करून दिलं. पण मेकफाइलमधल्या एका शब्दावर कोणाचा डेटा लटकलेला असावा हे मला सहन होत नाही.

त्यातून काकांची फाइल आता मिसळलेली आहे. दोन महिने त्यांनी पायावर नोंदी केल्या. नदी नाही म्हणाल्यावर त्यांनी नदी पुन्हा भरली. म्हणजे आता दोन नद्या, एकीखाली अकरा पुस्तकं, दुसरीखाली तीन. विषयांचं सोपं आहे, दोन्ही याद्या एकत्र केल्या की झालं. सभासदांचं काय? एका आजींचं नाव आपल्या मोजणीत विषम. जुन्या खात्यावर दोन पुस्तकं येणं आणि अनामत जमा, नव्या खात्यावर सगळं कोरं. खरं कुठलं? जुनं म्हणावं तर आजींनी पुस्तकं गेल्या महिन्यात परत दिलेली, काकांनी ते पेन्सिलनं वहीत टिपून ठेवलेलं. प्रोग्रामला हे कळणं शक्य नाही. म्हणून मी लिहिलेलं दुरुस्तीचं अवजार अशा जागी थांबतं, दोन्ही नोंदी समोर ठेवतं आणि माणसाला विचारतं. स्वतः ठरवत नाही. लंबू म्हणतो, शेवटची नोंद खरी धर आणि मोकळा हो. मी तयार नाही. तूही झाला नसतास.

पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनाही हेच दुखणं होतं हे वाचून थोडा धीर आला. त्यांच्या शब्द शोधणाऱ्या पीजी-ट्रायग्रामच्या इंडेक्सचा क्रम चारच्या चिन्हावर अवलंबून होता, इंटेलवर एक, एआरएमवर दुसरा. त्यांनी २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत कंट्रोल फाइलमध्येच लिहून ठेवायला सुरुवात केली की हा डेटा कुठल्या चारवर जन्मला. मग यंत्र कुठलंही असो, वागायचं त्या जन्माप्रमाणे.

आणि इथे तू आलास, बंड्या. आपल्या फाइलच्या सुरुवातीच्या हेडरमधले ते चार रिकामे बाइट. "पुढे लागतील" म्हणून तू ठेवले होतेस आणि मी दोन दिवस डोकं खाल्लं होतं तुझं, की वापर नाही तर जागा कशाला. स्टेशनवर गाडी सुटता सुटता तेच उकरून काढलं, आणि वर म्हणालो की तुझ्यावाचून बाडाचं काही अडत नाही. ते मी बोलायला नको होतं. आता त्यातला पहिला बाइट मी घेतो आहे. १ म्हणजे साइन्ड, २ म्हणजे अनसाइन्ड, ० म्हणजे जुनी फाइल, माहीत नाही. शून्य दिसलं की प्रोग्राम आधी आतल्या नोंदी दोन्ही पद्धतींनी ताडून पाहील, कुठल्या घरांत बसतात ते बघेल आणि मग हेडरमध्ये लिहील. दोन्ही मिसळलेल्या निघाल्या तर थांबेल. तू ते बाइट ठेवले नसतेस तर हे सांगायला फाइलमध्ये जागाच नव्हती.

फक्त एक शंका उरली आहे आणि तिच्यासाठीच झोप येत नाही. जुन्या फायलींत त्या जागी खरंच शून्य आहे का? आत्ताच्या कोडात तू मेमसेट मारून हेडर कोरं करतोस. पण ०.३ आवृत्तीच्या आधीचं गिटमध्ये, म्हणजे कोडाच्या जपलेल्या इतिहासात, नाही, ते तुझ्या त्या निळ्या डिस्कवर होतं. तेव्हा मेमसेट होता की मॅलॉकनं मेमरी घेऊन तसंच लिहायचो? तसंच लिहीत असू तर त्या जागी मेमरीतला कुठलाही कचरा असू शकतो, आणि योगायोगानं तिथे १ किंवा २ निघाला तर मी कोणाच्या तरी फाइलवर आंधळेपणानं विश्वास टाकीन. डिस्क जिवंत असेल तर फक्त हेडर लिहिणारी फाइल बघ. तोवर पॅच सोडत नाही. बटण समोर आहे, पण हात लावत नाही.

आणि चाचणीत आता काकांचं ते लाल शाईचं पान आहे. सगळे शब्द, आहेत तसे, त्याच क्रमानं. इंटेलवर फाइल करायची, पायावर उघडायची, मग उलट.

चिऊ दहावीला असेल ना? वहिनींना नमस्कार सांग. तुझं पुण्याचं घर झालं असं लंबू म्हणाला, फार आनंद झाला, फोटो पाठव. अण्णांचं ते संत्र्याचं कलम तू नेलंस की मागच्या अंगणातच आहे?

आज मारबत होती. काळी, पिवळी, बडगे, सगळं रीतसर. महालात इतकी गर्दी की स्कूटर लांब लावून चालत गेलो. पोट्टे ओरडून राहिले होते, इडापिडा घेऊन जा गे मारबत! आणि मला होस्टेलच्या गच्चीवरून तू मारलेली आरोळी आठवली, "सेगमेंटेशन फॉल्ट घेऊन जा गे मारबत!" खालून मेसचे मामा विचारत होते, हा कोणता रोग आहे बाप्पा? मी गर्दीत उभा राहून एकटाच हसलो आणि मग घरी येऊन हे लिहायला बसलो.

उत्तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण डिस्क बघ.

तुझा,
बाल्या

ता.क. काकांनी पायाच्या पडद्याला चिठ्ठी चिकटवली आहे: 'नदी, झाड, डोंगर यांसाठी ग्रंथपालांस विचारावे.' दुरुस्ती झाली असं मी सांगितलं तरी काढत नाहीत. पॅच येईपर्यंत राहू द्या म्हणतात.