वृद्धाश्रमांची तपासणी पावसाळ्यात व्हावी, आणि न कळवता व्हावी

प्रति,
मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात 1122 आणि सिंधुदुर्गात 1036 स्त्रिया नोंदल्या गेल्या. हे आकडे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जातात, परंतु त्यांच्यामागचे एक मोठे कारण असे, की कमावत्या वयाचा पुरुष मुंबई-ठाण्याला असतो. आता सुना आणि नातवंडेही तिकडेच स्थिरावली आहेत आणि गावच्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे एकटी उरली आहेत. त्यांना सांभाळण्यासाठी गेल्या काही वर्षांत आपल्या किनारपट्टीवर वृद्धाश्रम, ज्येष्ठ निवास, शुश्रूषा केंद्र अशा नावांनी निवासी व्यवस्था सुरू झाल्या. त्यांची गरज खरी आहे आणि त्यांतल्या कित्येक जिव्हाळ्याने चालवल्या जातात. माझे म्हणणे एवढेच आहे, की आत राहणाऱ्या माणसाची अवस्था बाहेरच्या जाणत्या माणसाने ठरावीक काळाने येऊन पाहिली पाहिजे, आणि ती भेट आगाऊ कळवलेली नसावी.

आज हे कोण पाहते? संस्था विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. इमारतीची घरपट्टी ग्रामपंचायत घेते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दिवसातून किती वेळा बदलली जाते, हे पाहणे यांपैकी कोणाच्याच कामात बसत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम 2007 साली झाला आणि 1 मार्च 2009 पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम शासन उभारू शकेल, आणि वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना व सेवांची मानके ठरवू शकेल, असे म्हटले आहे. खासगी वृद्धाश्रमाला दर तीन महिन्यांनी भेट देण्याची सक्ती मात्र या मूळ कायद्यात कोठेही नाही. सर्व निवासी केंद्रांची नोंदणी आणि किमान मानके बंधनकारक करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर न होता 2024 मध्ये ती लोकसभा संपल्याबरोबर निकालात निघाले.

याउलट मुलांच्या बाबतीत काय आहे ते पाहावे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 54 नुसार बालगृहांसाठी तपासणी समिती नेमावी लागते, तिने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेला भेट द्यावी लागते, भेटीला किमान तिघे असावे लागतात, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो, आणि भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यावा लागतो. ही व्यवस्था सर्वत्र चोख चालते असा माझा दावा नाही, पण निदान ती कायद्यात लिहिलेली आहे आणि ती पाळली नाही तर जाब विचारता येतो. जे मूल स्वतःची तक्रार मांडू शकत नाही त्याच्यासाठी आपण ही तरतूद केली. पक्षाघाताने वाचा गेलेल्या, किंवा स्मृतिभ्रंशामुळे सकाळी काय खाल्ले हेही न आठवणाऱ्या माणसासाठी ती का नसावी, याचे उत्तर मला सापडत नाही.

नातेवाईक येऊन पाहतातच, असे यावर सांगितले जाते. कोकणात नातेवाईक कधी येतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो आणि मे महिन्यात मुलांची सुट्टी घेऊन येतो. या तिन्ही वेळा वृद्धाश्रमही सजलेला असतो, चादरी धुतलेल्या असतात, जेवणात गोडाचे असते. आषाढात कोणी येत नाही. त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, ओलसर गाद्यांना कुबट वास येतो, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, वीज तासन्‌तास जाते, रोजंदारीवरच्या मावशी लावणीला निघून जातात आणि कामाला उरलेल्या एक-दोघींवर सगळा भार पडतो. म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात ते याच दिवसांत, आणि ते पाहणारा बाहेरचा डोळा याच दिवसांत नसतो. म्हणून वर्षातली एक तपासणी तरी जुलै-ऑगस्टमध्ये व्हावी, अशी माझी पहिली आणि आग्रहाची मागणी आहे.

तपासणीत काय पाहावे, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कामात गेली आणि कागदोपत्री तपासणी कशी उरकली जाते हे मी जवळून पाहिले आहे. रजिस्टर पूर्ण असणे म्हणजे काम पूर्ण असणे नव्हे. ज्या माणसाला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली जाते की नाही हे वहीपेक्षा त्याच्या टाचा, माकडहाड आणि खुबे अधिक खरेपणाने सांगतात. तिथली कातडी लाल झाली असेल आणि बोटाने दाबल्यावरही लाली जात नसेल, तर बेडसोअरची सुरुवात झालेली असते आणि त्या टप्प्यावर ती आवरता येते. जखम खोल गेली की महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून तपासणीला आलेल्या परिचारिकेने, त्या व्यक्तीची लाज राखून आणि तिची अनुमती घेऊन, पाठ आणि टाचा पाहिल्याच पाहिजेत.

दुसरी गोष्ट वजनाची. दर महिन्याला प्रत्येकाचे वजन करून ठेवले तर जेवणाबद्दल वेगळी चौकशी करण्याची फारशी गरज उरत नाही. एका महिन्यात वजन 5 टक्क्यांनी उतरले, म्हणजे 50 किलोच्या बाईचे अडीच किलो कमी झाले, तर ते गंभीर समजून डॉक्टरांना दाखवावे लागते. दात नसलेल्या माणसापुढे भाकरी ठेवून ताट तसेच परत गेले, तर ‘जेवण दिले’ ही नोंद खरी असूनही तो माणूस उपाशी राहिलेला असतो. त्याला मऊ भात किंवा पेज कोणी भरवली का, हे विचारले पाहिजे आणि त्यासाठी तपासणी जेवणाच्या वेळीच झाली पाहिजे. औषधांचेही तेच. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या कोणाच्या डब्यात किती उरल्या, हे चिठ्ठीशी ताडून पाहिले की दिलेली आणि न दिलेली औषधे लगेच कळतात. झोपेच्या गोळ्या कोणाच्या सल्ल्याने आणि किती जणांना चालू आहेत, हा प्रश्न मी स्वतः सगळ्यात आधी विचारीन, कारण रात्री ओरडणाऱ्या माणसाला गप्प ठेवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

आणि रात्र. दिवसा माणसांची ये-जा असते. रात्री नऊनंतर वीस-पंचवीस वृद्धांमागे एकच मावशी असेल तर एकजण पडल्यावर त्याला उचलायला दुसरे कोणी नसते. खुब्याचे हाड बहुधा संडासाकडे जाताना मोडते. तिथे दिवा आहे का, भिंतीला धरायला दांडी आहे का, खाटेजवळची घंटा दाबली तर कोणी येते का, हे रात्री जाऊनच कळेल. निदान एक भेट रात्रीची असावी.

आपल्या शेजारच्या तालुक्यातील एका वृद्धाश्रमात माझ्या नात्यातील एक वयस्कर बाई होत्या. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण मला कोणाला दोषी ठरवायचे नसून व्यवस्थेबद्दल बोलायचे आहे. त्यांचा मुलगा दर रविवारी फोन करी आणि आई बरी आहे असे त्याला सांगितले जाई. ‘बरी’ म्हणजे जिवंत आणि शांत, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांना घरी आणले तेव्हा पाठीवर तळहाताएवढी जखम होती आणि तिला घाण सुटली होती. तिथे काम करणाऱ्या मावशी दुष्ट नव्हत्या. कूस कशी बदलावी हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि जखम दिसल्यावर ती कोणाला दाखवावी हेही सांगितले नव्हते. आरोग्य उपकेंद्र जवळच होते. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा जरी फेरी मारली असती तर ती जखम लालीवरच थांबली असती, हे मी अनुभवाने सांगते.

पाण्याविषयी थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन त्यांना लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. आश्रमाच्या आवारातील खासगी विहीर त्यात येतेच असे नाही. पावसाळ्यात तिच्यात ब्लीचिंग पावडर पडते का, हे क्लोरीनच्या साध्या चाचणीने दोन मिनिटांत कळते. कोठीघरात उंदरांचा वावर असेल तर आपल्या भागात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असते, हेही ध्यानात घ्यावे.

आग आणि वादळ हा मात्र सविस्तर बोलण्याचा विषय आहे. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 नवजात बालके गेली. ज्याला स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही त्याच्यासाठी आग काय असते, हे त्या रात्री महाराष्ट्राने पाहिले. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, देण्याची तरतूद आहे. राहत्या बंगल्याचा आश्रम झालेल्या ठिकाणी ते कोणी मागते का, याची चौकशी व्हावी. पहिल्या मजल्यावर न चालणारी माणसे ठेवली असतील तर त्यांना खाली कोण आणि कसे आणणार, हे विचारावे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात राहिली. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. अशा वेळी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या वृद्धाचे काय होते? प्रत्येक तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात वृद्धाश्रमांची यादी, न चालणाऱ्यांची संख्या आणि त्यांना हलवण्याचे ठिकाण पावसाळ्यापूर्वी लिहिलेले असले पाहिजे.

तपासणीमुळे छोटे आश्रम बंद पडतील, ही चालकांची भीती मी समजू शकते. आश्रमाला टाळे लागले तर तिथल्या माणसांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न आधी उभा राहतो. म्हणून पहिल्या भेटीनंतर सुधारणेसाठी मुदत द्यावी, मावशींना आरोग्य केंद्रात प्रशिक्षण द्यावे, वजनकाटा आणि एअर बेड यांसारखे साहित्य मिळवून द्यावे. मारहाण, उपासमार किंवा कोंडून ठेवणे आढळले तर मात्र मुदत देऊ नये. इंग्लंडमध्ये 2009 पासून अशी केंद्रे तपासणारी स्वतंत्र यंत्रणा आहे आणि तिथे मिळालेली श्रेणी दर्शनी भागी लावणे 2015 पासून बंधनकारक आहे. त्या यंत्रणेच्याही त्रुटी 2024 मधील सरकारी आढाव्यात उघड झाल्या. तिच्या अखत्यारीतील सुमारे पाचव्या हिश्शाच्या ठिकाणांना कधी श्रेणीच मिळाली नव्हती. तेव्हा नुसती समिती नेमून भागणार नाही, किती भेटी झाल्या आणि कधी झाल्या हेही लोकांपुढे आले पाहिजे. ज्येष्ठांसाठी 14567 ही मदतवाहिनी आहे, ती चांगलीच आहे. परंतु जिच्या हातात फोन नाही आणि जिला खाटेवरून उठता येत नाही, तिची तक्रार त्या क्रमांकापर्यंत पोचत नाही.

नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. 2007 च्या अधिनियमाच्या कलम 22 नुसार त्याच्या अंमलबजावणीचे अधिकार व कर्तव्ये राज्य शासन जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवू शकते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी समाज कल्याण विभाग, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक अनुभवी परिचारिका यांची तिघांची पथके तालुकानिहाय नेमावीत, त्यांनी जुलैअखेरपर्यंत पहिली भेट न कळवता द्यावी, आणि प्रत्येक आश्रमाचा दोन पानी अहवाल, कोणाही रहिवाशाचे नाव उघड न करता, आश्रमाच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर गणेश चतुर्थीपूर्वी लावावा, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या मुलांना आणि सुनांना तो वाचून पुढचा निर्णय घेता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी