काठावरून उतरणारं पाणी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की माशांच्या टाकीच्या काचेला भोक न पाडता पाणी काठावरून बाहेर येतं कसं, आणि लाइट गेल्यावर थांबतं कसं. मी सांगत होतो आणि आवाज तुटत होता. तुम्ही "हं, हं" म्हणालात ते समजलं म्हणून नव्हे, हे मला कळलं. म्हणून आज लिहायला बसलो. त्या टाकीखाली फिल्टरची दुसरी टाकी ठेवायचं (वरचं पाणी खाली उतरणार, पंप ते परत वर चढवणार) तुम्ही मनावर घेतलंच आहे, तर पाइपला करवत लावण्याआधी एवढं वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच हातात आहे. टाकी साफ करताना नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं खाली बादलीत, तोंडाने ओढायचं आणि पाणी आलं की पटकन बोट लावायचं. (माझ्या पोटात असं किती पाणी गेलंय ते आईला अजून माहीत नाही.) तो सायफनच. पण बादलीचा सायफन एकदा तुटला की पुन्हा ओढावा लागतो. इथे रात्री दोनला लाइट येणार आणि पंप आपला आपण सुरू होणार. तेव्हा नळी ओढायला कोण उठणार? खरी मेख इथे आहे. पाणी थांबलं तरी नळीत हवा शिरता कामा नये.

हे कागदावर पटत नाही, म्हणून एक करा. ओट्यावर दोन ग्लास शेजारी ठेवा, दोन्ही पाण्याने अर्धे. एक बारीक नळी पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही टोकं बोटांनी दाबून उलट्या यूसारखी दोन्ही ग्लासांत बुडवा आणि बोटं काढा. काही होणार नाही. आता एका ग्लासात पाणी ओता. दुसऱ्यातलंही चढेल आणि दोन्हीकडे सारखं झालं की थांबेल. कितीही वेळ तसंच ठेवा, पुन्हा ओता, पुन्हा चालू. जोवर दोन्ही पाय पाण्यात आहेत तोवर सायफन झोपतो, मरत नाही.

माझा पाइप म्हणजे हेच दोन ग्लास, पीव्हीसीत बांधलेले. टाकीच्या आत एक उभा तुकडा, त्याचं तोंड वर उघडं, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली. पृष्ठभागावरचं पाणी त्यात पडतं, तुकड्यातून खाली जातं, दोन एल्बोंनी वळून पुन्हा वर चढतं, काठ ओलांडतं आणि टाकीबाहेर खाली उतरतं. बाहेरही तसंच वळण: खाली जाऊन पुन्हा वर. तिथे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीच्या आडव्या तोंडातून पाणी खालच्या टाकीत जातं, वरचं तोंड हवेला उघडं. आतलं वळण हा एक ग्लास, बाहेरचं दुसरा. टीचं आडवं तोंड आतल्या तोंडापेक्षा थोडं खाली हवं, म्हणजे पाणी वाहतं. पण वळणांच्या तळापेक्षा बरंच वर हवं, म्हणजे पाय कोरडे पडत नाहीत. पंप थांबला की टाकीतली पातळी आतल्या तोंडापर्यंत उतरते, आतल्या उभ्या तुकड्यातलं पाणी टीच्या पातळीला येतं आणि सगळं जागच्या जागी थांबतं. पंप सुरू झाला की कोणी हात न लावता पुन्हा वाहू लागतं.

टीचं वरचं तोंड बंद करू नका. गळगळ आवाज येतो म्हणून मी टोपी घट्ट बसवली होती. मग खाली जाणारा पाइप स्वतःच सायफन झाला. बाहेरचं पाणी एका झटक्यात ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी टोपीला बारीक भोक पाडलं आणि आवाज कमी होईपर्यंत ते जरा जरा वाढवत गेलो.

आता माझी फजिती. खालच्या टाकीला इंग्रजीत 'संप' म्हणतात, आणि माझ्या संपाने चौथ्या दिवशी नाव सार्थ केलं. संध्याकाळी दार उघडलं तर पायाखाली पाणी. वरची टाकी काठोकाठ, खालचा पंप कोरडा घरघरतोय, आणि पाइपच्या माथ्यावर हवेचा भला मोठा फुगा.

चूक माझी होती. जाड पाइप म्हणजे सुरक्षित, असं समजून मी ४० मिमीचा घेतला होता. माझा पंप १० लिटरची बादली ३६ सेकंदांत भरतो, म्हणजे तासाला १,००० लिटर. तेवढं पाणी ४० मिमीतून सेकंदाला जेमतेम २२ सेंमी वेगाने सरकतं. पाण्यात बुडबुडाही साधारण त्याच वेगाने वर चढतो. मग तो खाली वाहून जाईल कसा? माथ्यावरच बसून राहतो. त्यात माथ्यावर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, म्हणून पाण्यात विरघळलेली हवाही तिथेच सुटते. थेंबे थेंबे फुगा साचला आणि चौथ्या दिवशी धागा तुटला. आता पाइप २५ मिमीचा आहे. त्यात वेग ५७ सेंमीच्या आसपास, बुडबुडे घसरत बाहेर जातात. शिवाय माथ्याला बारीक भोक पाडून एअर पंपाची नळी चिकटवली आणि तिचं दुसरं टोक टाकीतल्या छोट्या पंपाच्या हवा ओढायच्या तोंडाला लावलं. साचलेली हवा तो सतत खेचत राहतो. हे तोंड पाण्याखाली ठेवलंय, म्हणजे तो पंप बंद पडला तरी नळीतून पाणीच शिरेल, हवा नाही.

माथ्याचे सांधे नीट चिकटवा. तिथे सांधा कच्चा असला तर पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. मी माथ्याचा तुकडा पारदर्शक लावलाय. सोल्युशन एक दिवस पूर्ण वाळू द्यायचं, मग सायफन भरून पंप न लावता रात्रभर सोडायचं. सकाळी माथ्यावर हवा दिसली तर सांधा कच्चा.

एवढं करूनही तो कधीतरी तुटेल, असं धरूनच बांधा. गोगलगाय तोंडात अडकेल, शेवाळ येईल, काहीतरी होईल. माझी वरची टाकी ९० बाय ४५ सेंमी, म्हणजे पातळी १ सेंमी चढायला ४ लिटर लागतात. पाण्यापासून काठ ४ सेंमी, म्हणजे १६ लिटरची जागा. त्या दिवशी खालच्या टाकीत पंपाच्या तोंडावर २७ लिटर पाणी होतं. ते सगळं वर गेलं, ११ लिटर जमिनीवर आलं. आता खाली काचेच्या आडव्या पट्ट्या लावून पंपाचा कप्पा वेगळा केलाय. त्यात पंपाला उचलता येईल असं पाणी ७ लिटरच आहे. सायफन तुटला तर तेवढंच वर जाईल, वरची टाकी ते पोटात घेईल, आणि पंप बोंब मारेल. वाफेने पाणी कमी होतं तेही याच कप्प्यात दिसतं, रोज थोडं घालावं लागतं. तेवढं चालेल ना?

उलट बाजूही बघा. पंपाकडून वर जाणाऱ्या पाइपचं तोंड मी आधी पाण्यात १० सेंमी खोल ठेवलं होतं. लाइट गेली की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढतो: ४० लिटर! खाली रिकामी जागा होती २८ लिटरची. आता त्या पाइपला पाण्याखाली १ सेंमीवर छोटं भोक आहे, पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजतं. दर आठवड्याला टाचणी घाला.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. टाकी नवीन घ्यायची असती तर मी भोक पाडूनच घ्यायला सांगितलं असतं. भोकाला हवेचा फुगा नाही, भरणं नाही, काळजी कमी. पण तुमची टाकी भरलेली, मासे आत, आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे की साधी हे आपल्याला ठाऊक नाही. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की पूर्ण काचेचा चुरा होतो. म्हणून सायफन.

आता मला तीन मापं कळवा: काठापासून पाणी किती खाली आहे, वरची काच किती जाड आहे, आणि खालच्या टाकीला किती उंची मिळते. पट्टी बाहेरून लावा. आणि आईला म्हणावं, पहिले दोन दिवस साध्या पाण्यावर मोरीजवळ चालवून बघू, तोवर घरात एक थेंब सांडणार नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. आतल्या तोंडाला करवतीने उभ्या फटी पाडा, नाहीतर सकाळी एखादा छोटा मासा खालच्या टाकीत फिरताना दिसेल. माझा एक दोनदा तिथे जाऊन आलाय, आणि मला वाटतं त्याला तिथेच आवडतं.