ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत न कळवता बदललेल्या सेटिंग्जबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
प्रत माहितीसाठी : उत्पादन विकास विभाग

विषय : नव्या आवृत्तीत मूळ सेटिंग्ज पूर्वसूचनेशिवाय बदलल्यामुळे झालेले नुकसान आणि त्यावरील उपाययोजनेची मागणी.

महोदय / महोदया,

मी आपल्या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरची जुनी परवानाधारक वापरकर्ती असून ऑडिओबुक आणि निवेदनाच्या ध्वनिमुद्रणांचे संपादन हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. आपण अलीकडेच आणलेली मोठी आवृत्ती मी चालू कामांसाठी वापरली. त्या वापरात जे आढळले ते तांत्रिक तपशिलासह कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझी तक्रार नव्या सुविधांविरुद्ध नाही. कालपर्यंत ज्या गोष्टी एका रीतीने होत होत्या त्या आज वेगळ्या रीतीने होऊ लागल्या आहेत, आणि ‘या आवृत्तीत नवीन काय’ या आपल्या लांबलचक निवेदनात त्यांचा एका ओळीनेही उल्लेख नाही, ही माझी तक्रार आहे.

जे चांगले झाले आहे ते आधी नोंदवते, कारण त्याचे श्रेय आपल्या अभियंत्यांना मिळायला हवे. क्लिपची कड ओढून कापलेला भाग परत आणता येणे ही संपादकाच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. पूर्वी निवेदकाचा एखादा श्वास चुकून जास्त कापला गेला आणि ते नंतर लक्षात आले, तर मधले सगळे काम उलटवत मागे जावे लागे. आता मूळ मुद्रण जागच्या जागी शाबूत राहते. इफेक्ट ऐकत ऐकत बदलता येतात, तेही उत्तम. मोठ्या फाइलचा स्पेक्ट्रोग्राम (ध्वनीचे दृश्य चित्र) पूर्वीपेक्षा बराच लवकर उमटतो, त्यामुळे खुर्चीचा करकराट किंवा तोंडातला बारीक टचकारा नजरेने शोधणे सोपे झाले आहे.

आता मुख्य मुद्दा. नव्या आवृत्तीत कोणताही नवा ट्रॅक घेतला की त्यावर नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारा) आणि नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) हे दोन्ही इफेक्ट आधीपासून चालू असतात, आणि ज्या पॅनेलमध्ये ते दिसतात ते पॅनेल मुळातच मिटलेले असते. जुन्या आवृत्तीत नवा ट्रॅक कोरा असे. बोलण्याच्या मुद्रणासाठी हा बदल किती घातक आहे, हे एका उदाहरणाने सांगते. एका कथेत ‘तिने मागे वळून पाहिले नाही’ असे वाक्य होते. निवेदिकेने प्रसंगाला धरून शेवटचा शब्द अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ पुटपुटल्यासारखा घेतला होता, आणि तो तसाच हवा होता. गेटची मर्यादा आपण −४० डीबीवर (डेसिबल) ठेवली आहे. हा शब्द त्याच्या खाली होता, म्हणून गेटने तो पार्श्वभूमीचा आवाज समजून बंद केला. तयार फाइलमध्ये उरले ते ‘तिने मागे वळून पाहिले’. आपल्या भाषेत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याचा आवाज साहजिकच उतरतो. म्हणजे गेट नेमके तिथेच कापते जिथे अर्थ असतो. ही चूक ऑडिओबुकच्या निर्मात्यांनी अंतिम तपासणीत मूळ संहितेशी ताडून पाहताना पकडली, म्हणून ती श्रोत्यांपर्यंत गेली नाही.

गेट प्रत्येक वेळी इतका उघड घोटाळा करत नाही, आणि म्हणून तो अधिक त्रासदायक आहे. दोन वाक्यांच्या मधली जागा खरोखर निःशब्द नसते. तिथे त्या खोलीचा स्वतःचा मंद आवाज असतो. गेट तो संपूर्ण काढून टाकतो, मग प्रत्येक वाक्यानंतर ध्वनी एकदम नाहीसा होतो आणि पुढच्या वाक्याबरोबर एकदम उगवतो. हेडफोन लावून तासन्‌तास ऐकणाऱ्याला हे फार खुपते. त्यावर नॉइज रिडक्शन जास्त प्रमाणात लागले की ‘स’, ‘श’, ‘ह’ यांसारख्या श्वासयुक्त वर्णांची धार जाते, कारण त्यांची ध्वनिरचना गोंगाटाशी मिळतीजुळती असते, आणि उरलेल्या आवाजात पाण्याखालून आल्यासारखी किणकिण ऐकू येते. नॉइज रिडक्शन हे उपयुक्त साधन आहे, मी ते रोज वापरते. परंतु कुठे वापरायचे, किती वापरायचे आणि कुठे अजिबात वापरायचे नाही हे ऐकून ठरवणे हेच संपादकाचे काम आहे.

दुसरा बदल एक्सपोर्टचा. आता फाइल बाहेर काढताना लाउडनेस (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा) सारखा करण्याची खूण आपोआप केलेली असते. लक्ष्य −१६ एलयूएफएस (लाउडनेसचे एकक) आणि लिमिटरचे, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या साधनाचे, शिखर −१ डीबी ठेवलेले आहे. पॉडकास्टसाठी हे आकडे वावगे नाहीत. परंतु लाउडनेसचे सर्वांना लागू पडेल असे एक माप अस्तित्वातच नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची २०१० पासूनची आर १२८ ही शिफारस प्रसारणासाठी −२३ एलयूएफएस सांगते. एसीएक्ससारखा ऑडिओबुकचा मंच आरएमएस (सरासरी) पातळी −२३ ते −१८ डीबी, शिखर जास्तीत जास्त −३ डीबी आणि पार्श्वभूमीचा आवाज −६० डीबीच्या खाली मागतो. माझ्याकडच्या एका पुस्तकाच्या प्रकरणात पार्श्वभूमीची पातळी −६३ डीबी होती, म्हणजे अटीत बसणारी. आपल्या एक्सपोर्टने संपूर्ण फाइल ६ डीबीने उचलली, त्यासरशी पार्श्वभूमी −५७ वर आली आणि शिखरेही −३ ची मर्यादा ओलांडून गेली. जे काम अटींची पूर्तता करत होते ते शेवटच्या पायरीवर, माझ्या नकळत, नापास होण्याजोगे झाले. शिवाय ही जुळवणी प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्रपणे होते. त्यामुळे निवेदकाने मुद्दाम हळुवार वाचलेले प्रकरण भांडणाच्या प्रकरणाइतकेच मोठे होते आणि पुस्तकाचा एकंदर चढउतार सपाट होऊन जातो.

आपल्या साहाय्य विभागाने माझ्या पहिल्या ईमेलला ‘ही सेटिंग आपण प्राधान्यांमध्ये जाऊन बंद करू शकता’ असे उत्तर पाठवले. बंद करता येते हे मान्य. मी ती बंदही केली आहे. पण बदल झाला आहे हेच ज्याला सांगितलेले नाही, त्याने कोणत्या कारणाने त्या सेटिंगकडे वळावे? वर्षानुवर्षे एकच बटण दाबून एकच परिणाम मिळवणारा माणूस त्या बटणावर विश्वास ठेवूनच काम करतो. तो विश्वास ठेवण्याजोगे साधन देणे ही निर्मात्याची जबाबदारी आहे, आणि ती ग्राहकाच्या दक्षतेवर ढकलता येणार नाही.

नव्या प्रकल्पाचा सॅम्पल रेट (दर सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले जातात तो दर) ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झ आणि बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बिटांत साठवला जातो ते) १६ वरून ३२-बिट फ्लोट झाली आहे, याबद्दल थोडक्यात लिहिते. ३२-बिट फ्लोटचे फायदे मला माहीत आहेत. प्रक्रियेदरम्यान शून्य डीबीच्या वर गेलेला आवाजही त्यात शाबूत राहतो. तथापि हेडर (फाइलच्या सुरुवातीची तिच्या स्वरूपाची माहिती) नसलेली कच्ची फाइल आयात करताना आता ४८ किलोहर्ट्झ गृहीत धरले जाते. ४४.१ ची अशी फाइल त्यामुळे जवळपास ९ टक्के अधिक वेगाने वाजते, आवाज सुमारे दीड अर्धस्वराने चढतो आणि तासाभराचे वाचन ५५ मिनिटांत संपते. तसेच साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. पूर्वीच्या सेटिंगनुसार स्टिरिओ मुद्रण पावणेसात तासांच्या आसपास त्या मर्यादेला पोहोचत असे. आता ते तीन तासांच्या थोडे पुढे गेले की पोहोचते. मोठ्या फाइलसाठी आरएफ६४ हा पर्याय उपलब्ध असताना तो आपोआप निवडला जाऊ नये आणि एक्सपोर्ट अर्ध्यात थांबावे, हे इतक्या मोठ्या आवृत्तीला शोभत नाही.

सर्वांत गंभीर बाब जुन्या प्रकल्प फाइलची आहे. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीत उघडला की तो नव्या स्वरूपात बदलला जातो आणि काही मिनिटांतच ऑटोसेव्ह तो त्याच नावाने, त्याच जागी साठवून टाकते. त्यानंतर जुनी आवृत्ती तो उघडत नाही. विचारणा होत नाही, प्रत ठेवली जात नाही. ज्या निर्मात्यांबरोबर मी काम करते त्यांच्यातले काही अजून जुन्या आवृत्तीवर आहेत, आणि त्यांना परत पाठवलेला प्रकल्प त्यांच्याकडे उघडेनासा झाला. नुसता ऐकून पाहण्यासाठी प्रकल्प उघडणे आणि तो कायमचा बदलून टाकणे यांत काही फरक असतो की नाही? जुने प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडून वापरायची साधने) चालत नसतील तर तेही मी समजू शकते. व्हीएसटी २ या प्लगइन-प्रकाराची विकास सामग्री मूळ निर्मात्यांनीच २०१८ मध्ये देणे बंद केले आहे, त्याचा दोष मी आपल्याला देणार नाही. पण प्लगइन सापडले नाही तर तसे ठळकपणे सांगायला हवे. सध्या ते गुपचूप वगळले जाते आणि प्रकल्प काहीच घडले नसल्यासारखा वाजू लागतो.

हे सर्व माझ्या कानांचे भ्रम नाहीत याची खात्री करण्यासाठी मी एकच जुना प्रकल्प दोन्ही आवृत्त्यांतून, एकाच सॅम्पल रेट आणि बिट डेप्थवर, बाकी कोणत्याही सेटिंगला हात न लावता एक्सपोर्ट केला. मग दोन्ही फाइल नेमक्या एकावर एक ठेवून एकीची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी केली. दोन्ही सारख्या असत्या तर त्या एकमेकींना छेदून शांतता उरली असती. प्रत्यक्षात निवेदिकेचा संपूर्ण आवाज स्पष्ट ऐकू येतो. आपल्या अभियंत्यांना हा प्रयोग स्वतः करून पाहण्यास फार वेळ लागणार नाही.

आणखी एक गोष्ट माझी स्वतःची नाही, तरी ती इथे मांडणे मला आवश्यक वाटते. माझे एक सहकारी दृष्टिहीन आहेत. वेव्हफॉर्म (पडद्यावरची ध्वनिलहरीची आकृती) न पाहता, केवळ कळफलक, स्क्रीन रीडर आणि तयार कान यांच्या बळावर ते माझ्यापेक्षा नेमके कट घेतात. नव्या आवृत्तीतील एक्सपोर्टच्या खिडकीत बटणांना नावेच दिलेली नाहीत, त्यामुळे स्क्रीन रीडर त्यांना ‘बटण, बटण, बटण’ एवढेच वाचून दाखवतो. कर्सर कोणत्या क्षणावर आहे हे सांगणारा जुना शॉर्टकट दुसऱ्याच कामाला लावला आहे. जो माणूस काल स्वावलंबी होता त्याला आज फाइल बाहेर काढण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते. आपल्या निवेदनात या खिडकीचे वर्णन ‘अधिक सुटसुटीत’ असे केले आहे.

बोललेल्या मजकुराची आपोआप संहिता तयार करणारी सुविधा चालू ठेवली की ध्वनी आपल्या सर्व्हरवर पाठवला जातो, आणि हीदेखील मुळातच चालू आहे. माझ्याकडे येणारी पुस्तके बहुधा अप्रकाशित असतात आणि मी त्यांच्या गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. अशा वेळी माझ्या संमतीविना एक मिनिटाचाही ध्वनी माझ्या संगणकाबाहेर जाणे मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. या आवृत्तीत ज्या ज्या मूळ सेटिंग्ज बदलल्या आहेत त्यांची संपूर्ण यादी, जुने मूल्य आणि नवे मूल्य यांसह, आपण तातडीने प्रसिद्ध करावी आणि सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना ती वापरकर्त्याला दाखवावी. जुना प्रकल्प उघडल्यास तो जुन्याच वागणुकीने वाजावा, आणि नव्या स्वरूपात नेण्यापूर्वी परवानगी घेऊन मूळ फाइलची प्रत राखली जावी. ध्वनी बाहेर पाठवणारी प्रत्येक सुविधा मुळात बंद असावी. एक्सपोर्टच्या बटणांना नावे देण्याचे आणि जुने शॉर्टकट परत निवडता येण्याचे काम पुढच्या मोठ्या आवृत्तीवर न ढकलता पहिल्याच दुरुस्तीत व्हावे. तोपर्यंत जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर माझ्या परवान्यावर पुन्हा उपलब्ध करून द्यावा; तो आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकल्याने परतीची वाट सध्या बंद आहे. ज्या प्रकल्पांचे रूपांतर होऊन गेले आहे ते जुन्या स्वरूपात परत नेण्याचे काही साधन आपल्याकडे असल्यास ते मला सर्वप्रथम हवे आहे, कारण त्यांतील दोन पुस्तकांचे काम अडून राहिले आहे.

या पत्राचे उत्तर ठरावीक साच्यातील नसावे आणि ते तांत्रिक विभागाच्या जबाबदार व्यक्तीकडून १५ दिवसांच्या आत लेखी मिळावे, ही विनंती. इन्स्टॉलर मिळण्यासाठी मात्र १५ दिवस थांबणे मला शक्य नाही. तो शक्य तितक्या लवकर पाठवावा.

आपली विश्वासू,
एक परवानाधारक ग्राहक

सोबत : १) दोन्ही आवृत्त्यांतून एक्सपोर्ट केलेल्या फाइल व त्यांतील फरकाची फाइल. २) गेटमुळे शब्द गळालेले वाक्य, मूळ मुद्रणासह. ३) साहाय्य विभागाशी झालेला पत्रव्यवहार.